सही मागायला आलेल्या खोल्या

किस्से गोळा करायला मी कुठे जात नाही. बुलढाण्यात माझं नकाशे काढायचं ऑफिस आहे, दाराला पडदा आहे, आणि तो सरकवून दिवसाला दोन-तीन किस्से आपल्या पायांनी आत येतात. प्रत्येकाला घराच्या मागे, बाजूला नाहीतर वर एक खोली वाढवायची असते. कॉलेजची मुलं, बदलीवर आलेली माणसं, कुणाला तरी ती भाड्याने द्यायची असते. परवानगीच्या नकाशावर आणि काम पुरं झाल्याच्या दाखल्यावर सही लागते ती माझी. म्हणजे उद्या त्या खोलीत जो झोपेल, तो माझ्या भरवशावर झोपणार. म्हणून सहीच्या बाबतीत मी पक्की खडूस आहे, आणि तशी माझी ख्यातीही आहे!

सुरुवातीला लोकांना ही सही बाईची असते हेच पटायचं नाही. एक काका आले, इकडेतिकडे पाहून म्हणाले, "सही करनारे साहेब कुठी गेले?" मी म्हटलं, "बसा, बोलावते." आत गेले, पाणी प्यायले, बाहेर येऊन खुर्चीवर बसले. "आले साहेब. बोला!"

काका मुकाट्याने बोलले. आता त्यांच्या तीन भावांची कामं माझ्याकडेच असतात.

*

नियमाप्रमाणे घराच्या मागे थोडी जागा मोकळी सोडावी लागते. हवा खेळायला, आणि आग लागली तर बाहेर पडायला. बंडूभाऊंनी नकाशात ती सोडली आणि जमिनीवर मात्र तिथे खोली बांधून टाकली. मी पाहायला गेले तर दारावर झेंडूच्या फुलांची माळ!

"देवघर हाय मॅडम," बंडूभाऊ हात जोडून म्हणाले.

मी चपला काढून आत गेले. कोनाड्यात देव होते, खोटं कशाला बोलू. पण खाली दोन पलंग होते, कोपऱ्यात कूलर होता आणि दोरीवर तीन जीन्स वाळत होत्या.

"देव जीन्स घालतात का हो?"

बंडूभाऊ जराही न गडबडता म्हणाले, "भक्तांच्या हायेत!"

दोन्ही भक्त इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते. खोली पाडायला लावली तेव्हा सामान उचलायला तेच पुढे होते. देव आता घरात, हॉलमध्ये मजेत आहेत.

*

आमच्याकडचे जुने सिमेंटचे पत्रे तुम्ही पाहिलेत ना? करड्या रंगाचे, लाटालाटांचे. त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असतं. पत्रा फुटला की बारीक धूळ उडते, छातीत जाऊन बसते आणि कित्येक वर्षांनी त्रास देते. म्हणून जुना पत्रा आधी पाण्याने भिजवायचा, बोल्ट खोलून अख्खा उतरवायचा, तोंडाला मास्क बांधायचा. आमचा सुदाम मिस्त्री हे सगळं करतो, फक्त मास्क कपाळावर बांधतो. "नाकावर घेतला तं बीडी कशी पिऊ मॅडम?"

असंच एका काकूंकडे मागचं शेड उतरवायचं होतं. तिथे खोली यायची होती. मी सकाळीच पोचले. काकूंनी चहा दिला, सोबत भाजलेले पापड दिले. मग मी अंगणात उभी राहून सुदामला आणि शेजारच्या चार बायकांना तासभर व्याख्यान दिलं. धूळ कशी दिसत नाही, तुकडा घरात का ठेवू नये, त्यावर खाण्याची वस्तू तर मुळीच का ठेवू नये. बायका डोळे मोठे करून ऐकत होत्या. मी पण रंगात आले होते.

काकूंनी शांतपणे गच्चीकडे बोट दाखवलं. "मागच्या साली दोन पत्रे फुटले व्हते, ते वर नेऊन ठेवले. पापड त्याच्यावरच वाळवतो आम्ही."

"कुठले पापड?"

"आता चार खाल्ले ना तुम्ही!"

सुदामने कपाळावरचा मास्क नाकावर घेतला. बहुतेक हसू दिसू नये म्हणून.

*

मोताळ्याकडे एका शेतकऱ्याने नवी बेडरूम बांधली. काम सुरेख. शेवटची पाहणी करायला दार उघडलं, तर आतला कापूस अंगावर आला! जमिनीपासून छतापर्यंत कापूस. विजेचा बोर्ड त्याच्या मागे गाडला गेलेला, आणि दाराबाहेर भिंतीलगत चूल. एक ठिणगी पडली असती तर घर गेलं असतं.

"कापूस कधी विकणार?" मी विचारलं.

"भाव आल्यावर."

"मग इथं राहायला कधी येणार?"

"भाव आल्यावर."

"आणि मी सही कधी करू?"

तो हसला. त्यालाही कळलं होतं. कापूस गेला, बोर्ड दिसला, मग सही झाली.

*

शेगावला एकाने दर्शनाला येणाऱ्या लोकांसाठी गच्चीवर दोन खोल्या काढल्या. बाथरूममध्ये गॅसचा गिझर, आणि हवा जायला साधं भोक नाही! अशा ठिकाणी माणूस अंघोळीला जातो आणि आतच बेशुद्ध पडतो; गॅस जळून विषारी वायू साचतो, त्याला वासही येत नाही. मी गिझर बाहेर काढायला लावला आणि वर झरोका पाडायला लावला. महिन्याने गेले तर गिझर बाहेर, शाब्बास! आणि झरोका विटांनी बुजवलेला.

"कबुतर आत येते मॅडम."

"येऊ द्या. कबुतर आत आलं तर चालेल, माणूस बाहेर आला पाहिजे!"

*

आता बाबांचा किस्सा. माझे बाबा धामणगाव बढ्याला एकटे राहतात. आई गेल्यापासून त्या घरात कुणाचा आवाज नाही, आणि ते त्यांना सोसत नाही. गावात नवीन नर्सबाई आली, कडेवर वर्षाची मुलगी. बाबांनी ठरवलं, मागच्या खोलीला वेगळं दार आणि संडास काढायचा आणि तिला तिथे ठेवायचं. ग्रामपंचायतीत द्यायच्या नकाशावर सही अर्थातच लेकीची!

मागची खोली म्हणजे आमची औषधाची खोली. तीस वर्षं पिकावर फवारायच्या विषारी औषधाचे डबे तिथेच राहिले, सांडले, मुरले. डबे आता शेतातल्या कोठीत कुलपात असतात, पण खोलीत पाय टाकला की अजून डोळे चुरचुरतात. मी म्हटलं, "बाबा, गिलावा खरवडा, फरशी उखडा, भरलेली माती बदला, दोन महिने दारं उघडी ठेवा. मग सही."

"दोन महिने थांबते का ते बाई? दुसरीकडे जाईन."

"जाऊ द्या."

बाबांनी फोन ठेवला. मला फार वाईट वाटलं. तरी सही केली नाही.

आठवड्याने बाबांचा फोन आला. "नर्सबाई राहाले आली बरं का." मी हातातलं काम टाकून निघाले. घाट उतरेपर्यंत मनातल्या मनात किती भांडले असेन! भर दुपारी पोचले. ओसरीत लहान मुलीचे कपडे वाळत होते. नर्सबाई बाबांच्या खोलीत राहत होती. चांगली, उजेडाची, हवेची खोली.

आणि बाबांचा पलंग औषधाच्या खोलीत.

"हे काय बाबा?"

"भाड्यानं देता येत नाही म्हनली तू. नाही देली." बाबा पलंगावर पाय पसरून बसले. "बापानं झोपू नये, असं तुह्या नियमात कुठी लिवलं हाय?"

मी मधल्या घरात गेले, कपाटातून माझी जुनी गादी काढली, बाबांच्या पलंगाशेजारी फरशीवर अंथरली आणि आडवी झाले. वास थेट मेंदूत गेला. डोळ्यांतून पाणी आलं.

"काऊन वं, तू काऊन झोपून राह्यली इथं?"

मी कूस बदलली.

बाबा उठून बाहेर गेले. भिंतीला टेकवलेली सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, ओढल्याचा आवाज आला. सब्बल घेऊन ते दारात उभे राहिले.

"ऊठ. पलंग धर तिकून."