निकोलस आणि आईंची छत्री

निकोलस मूळचा वसईचा. वय छप्पन्न, त्यातली बावीस वर्षं शारजातल्या आमच्या अल मजाज भागातल्या टॉवरांचे एसी दुरुस्त करण्यात गेलेली. राहायला दुबईत अल क्वोजला कंपनीच्या खोलीत, बायको डॉली गावाला. आत येताना बूट दाराबाहेर काढतो, स्टूलखाली स्वतःचा पेपर अंथरतो, चहा घेत नाही. काम झालं की 'खलास' म्हणतो, झालं नाही तर नुसती मान हलवून निघतो. आमच्याकडून तो दोनदा मान हलवून निघाला होता, त्यामुळे माझं डोकं फिरलेलं.

तक्रार सासूबाईंच्या खोलीतल्या एसीच्या पंख्याची होती. पंखा बाथरूमच्या छतात, आणि खोलीत भिंतीवर उंच जाळी, तिच्यातून गार वारा येतो. रात्री तो असा घरघरायचा की शेजारच्या खोलीत माझी मुलगी इरा उठून बसायची. 'मॉम, आजीज रूम इज ग्राउलिंग.' सकाळी मी तक्रार नोंदवायची, निकोलस यायचा आणि पंखा गप्प. हा स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटरला लावायचा, मूठ कानाशी धरून डोळे मिटून ऐकायचा आणि मोटर ठणठणीत आहे म्हणायचा. म्हणजे काय, आम्ही खोटं बोलतो? दुसऱ्या वेळी तर जाताना त्याने भलतंच विचारलं. आईंच्या कॉटजवळ छत्री कशाला, शारजात पाऊस कुठला? पुण्याहून आणलीय, पडली असेल, मी म्हटलं. काम जमत नाही आणि म्हणे छत्री.

सासरे गेल्यावर आई आमच्याकडे आल्या, त्याला आठ महिने झाले. आल्या आल्या त्यांचे गुडघे धरले. एसी सोसत नाही गं विभावरी, असं एकदाच म्हणाल्या. मी लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसले होते. म्हटलं, "आई, इथे एसीशिवाय जगता येत नाही. मानवत नसेल तर सांगा, पुण्याचं तिकीट काढते." पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही. मला वाटलं, झाली सवय.

तिसऱ्यांदा निकोलस न सांगता आला. एरवी खालचा वॉचमन आधी फोन करायचा. या वेळी तो शेजारच्या फ्लॅटमधलं काम आटपून सरळ आमची बेल दाबून उभा. दुपारचे तीन वाजले होते, मी घरूनच काम करत होते आणि कॉल चालू होता. हातानेच त्याला आईंची खोली दाखवली. कॉल संपल्यावर मागून गेले, तर दाराशीच थबकले.

पंखा घरघरत होता. जाळीत आईंची जुनी सुती साडी कोंबलेली, आणि उरलेल्या फटीतून वारा शिट्टी मारत होता. निकोलसने स्टूलवर चढून साडी ओढून काढली, तशी घरघर थांबली. कॉटला टेकलेल्या छत्रीच्या टोकाला जाळीचा पांढरा रंग लागलेला होता. सत्तरीच्या बाई खुर्चीवर चढून छत्रीने साडी कोंबत होत्या, आणि खालून फोन आला की घाईघाईने काढून ठेवत होत्या.

"भाऊ, विभावरीला सांगू नका," आई म्हणत होत्या. "पुण्याला पाठवतील हो मला. तिथे कोण आहे माझं आता?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाय न वाजवता हॉलमध्ये येऊन बसले.

अर्ध्या तासाने निकोलस बाहेर आला. जाळीच्या पट्ट्या छताकडे वळवल्यात, पंख्याचा वेग कमी केलाय, आता वारा अंगावर येणार नाही, म्हणाला. आवाज कशाचा होता, मी विचारलं. माझ्याकडे न बघता म्हणाला, बेअरिंग. कामाच्या कार्डावरही तेच लिहिलं होतं. खोटं बोलण्यात माणूस अगदीच कच्चा. मी सही केली.

"खलास, ताई," तो म्हणाला.

पण त्याच्या हत्यारांच्या पिशवीची चेन लागत नव्हती. आतून साडीचा निळा काठ लोंबत होता.

"साडी ठेवून जा, निकोलस. आईंना लागेल."

त्याने साडी काढून माझ्या हातात दिली. रागावू नका त्यांना, एवढंच म्हणाला आणि बूट घालायला वाकला.

साडीला धूळ आणि बामाचा वास येत होता. ती घेऊन मी आईंच्या खोलीत गेले. त्यांनी साडीकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"आई, माझं चुकलं," मी म्हटलं. "तिकीटबिकीट काही काढायचं नाहीये."

त्यांनी कॉटजवळची छत्री उचलून माझ्यापुढे धरली.

"मग ही कपाटात ठेवून दे," म्हणाल्या.