ही परडी कोणी भरली?

माझ्या काकांनी नगरच्या कापडबाजारात एक धंदा काढला होता. त्या धंद्याचा सगळ्यात मोठा गुण हा की, त्यात काकांना काहीच करावं लागत नसे. दुकान म्हणजे एका कापडवाल्याच्या ओट्यावर भाड्याने घेतलेलं टेबल, एक खुर्ची, एक रबरी शिक्का आणि पोस्टकार्डांचा गठ्ठा. माल नव्हता, गुदाम नव्हतं. 'ओटीच्या परड्या घरपोच' अशी पाटी मात्र होती. गिऱ्हाइकं टपालाने येत.

कुणाच्या तरी लेकीला किंवा सुनेला सातवा महिना लागे. ओटीचं सामान जमवत बसणं घरात कुणाला जमत नसे, पण ओटी तर भरायला हवी. मग काकांना पोस्टकार्ड येई. काका ते दुसऱ्या पोस्टकार्डावर उतरवून तिसगावला धाडत. तिसगावात बांबूच्या परडीत खण, नारळ, गहू, हळकुंडं, हिरव्या बांगड्या, कुंकवाची पुडी आणि डिंकाचे लाडू भरले जात. परडी मांजरपाटात शिवली जाई आणि तिथल्याच पोस्टातून परस्पर गिऱ्हाइकाच्या दारी जाई. पाठवणाऱ्याच्या जागी नाव काकांचं. पोस्टमन पैसे घेऊनच परडी हातात देई आणि पैसे काकांकडे येत. काकांनी जन्मात एकही परडी भरली नाही. दोन-तीन पाहिल्या असतील.

"माल हाताळला की माणूस त्यात अडकतो," असं ते मला समजावत. हा विचार त्यांनी कुठल्या पुस्तकात वाचला नव्हता. तो त्यांचा स्वतःचा होता, आणि त्यांची स्वतःची म्हणावी अशी ती एकच निर्मिती.

माझे वडील छापखान्यात खिळे जुळवायचे. घरी रद्दी यायची ती पत्रकांची. मी वाचायला शिकलो ते दारूबंदीच्या, संपाच्या, भूमिहीनांच्या मोर्चाच्या बिघडलेल्या प्रतींवर. अठराव्या वर्षी माझी मालमत्तेविषयीची मतं कायम झाली होती, मालमत्ता तेवढी यायची बाकी होती. अशा माणसाचा उपयोग काय हे काकांनी बरोबर ओळखलं.

"तुला लिहायची खाज आहेच," ते म्हणाले, "तर एकदा कामाचं काहीतरी लिही. परड्यांची जाहिरात लिहून दे."

मी लिहून दिली. काकांनी वाचली आणि एक ओळ वाढवायला सांगितली: 'सुवासिनीच्या हातची'. मी वाढवली. ओळीत तो शब्द छान बसला, याचा मला आनंदच झाला. माझी तत्त्वं त्या दिवसांत व्हिएतनाममध्ये गुंतलेली होती.

छापलेल्या जाहिराती परड्यांमध्ये घालायच्या म्हणून गठ्ठा घेऊन मी तिसगावला गेलो. तिथे माझी आत्या राहते, म्हणजे काकांची थोरली बहीण. तिचा नवरा ट्रकवर क्लीनर होता. लग्नानंतर पाच वर्षांनी घाटात ट्रक उलटला आणि तो गेला. तेव्हापासून दोन खोल्या आणि खडकाळ जमिनीचा एक तुकडा घेऊन ती एकटी होती. काका सांगायचे की गावातल्या पाच-सहा बायका परड्या भरतात आणि आक्का त्यांच्यावर लक्ष ठेवते.

घरात आत्या एकटीच बसली होती. पुढ्यात परड्यांची रांग, मांडीवर मांजरपाट, हातात दाभण.

"बाकीच्या बायका कुठंयत?" मी विचारलं.

"कंच्या बाया?"

"काका म्हणतात, पाच-सहा जणी आहेत."

"त्याला म्हनावं, त्यातली एक तरी मला दावून जा. हाताखाली घेते."

मी गठ्ठा खाली ठेवला. तिने वरचा कागद उचलून बोट फिरवत सावकाश वाचला. 'सुवासिनीच्या' या शब्दावर बोट थांबलं.

"हे त्याचं का तुजं?"

"अक्षर माझं. शब्द त्यांचा."

"बरा हाय," ती म्हणाली आणि पुन्हा शिवायला लागली.

मला तिथे बसवेना. ज्या बाईला हळदीकुंकवाला कुणी बोलवत नाही, जिने गावातल्या एकाही पोरीची ओटी भरलेली चालत नाही, तिने भरलेल्या ओट्या पार पुण्यापर्यंत चालल्या होत्या. फक्त वर कापड शिवलेलं हवं आणि कापडावर भावाचं नाव हवं.

"आत्या, तुला राग येत नाही?"

"येऊन काय करू? कारखान्याचा मुकादम कोयता घेतो त्यो जोडीचा. नवऱ्यानं ऊस तोडायचा, बायकोनं मोळी बांधायची. एकलीचा कोयता हुत न्हाई. दुष्काळी कामावर खडी फोडून बगितली, हात सुजले. तिसरी जागा म्हंजी तुज्या काकीचं सयपाकघर. त्यापरीस हे बरं. दार माजं, चूल माजी."

इतकं स्पष्ट सांगितल्यावर शहाण्या माणसाने गप्प बसावं. पण माझ्यासारख्याला दुसऱ्याचं सगळं समजतं, फक्त त्याला विचारायचं तेवढं राहून जातं. मी नगरला परतलो, वडिलांच्या छापखान्यातला उरलेला कागद मिळवला आणि एक पत्रक काढलं. मथळा: 'ही परडी कोणी भरली?' खाली उत्तर: 'एका विधवेने. आजवरच्या सगळ्या तिनेच भरल्या. कोणाच्या घरावर कोणती आपत्ती आली ते कळवावे.' त्याखाली समाजाला उद्देशून आणखी दोन परिच्छेद होते. ते मला आजही पाठ आहेत, पण इथे देत नाही. वाचकांनी माझं काही वाकडं केलेलं नाही.

पुढच्या खेपेला तिसगावला गेलो. आत्या हापशावर गेली तेवढ्यात प्रत्येक परडीत खणाखाली एकेक पत्रक सारलं. ती आली, तिने कापडं शिवली. दाभण ओवून देण्याइतकी मदत मीही केली.

समाज आठ दिवसांत जागा झाला. काकांना पत्रांवर पत्रं आली. एक गृहस्थ तर नगरमधलेच निघाले. ते परडी घेऊन टेबलापाशी उभे राहिले आणि सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं म्हणाले, "आमच्या सुनेच्या ओटीत हे घालायचं का?" परडीत खण होता, नारळ होता, बांगड्या होत्या. लाडू नव्हते. विटाळ बहुधा लाडवांना लागत नसावा.

बातमी पसरली तशा पुढच्या परड्या न उघडताच परत आल्या. मांजरपाटावर पोस्टमनने लिहिलेलं, 'घेण्यास नकार'. ज्या धंद्यात माल दिसायचा नाही, त्या धंद्याच्या टेबलावर पहिल्यांदाच मालाचा ढीग लागला.

काका सरळ एसटीने तिसगावला गेले, आणि मीही गेलो.

"आक्का, झालं ते झालं," ते दारातूनच म्हणाले. "परड्या आता शेवगावची एक बाई भरील. नवरा आहे तिला. तू चल नगरला. तुझ्या भावजयीला हाताखाली कुणीतरी पाहिजेच."

"भावजयीनं सांगितलं का तू ठरीवलं?"

"त्यात ठरवायचं काय? एकटीने इथं काय खाणार?"

"ते माजं मी बगीन. तू चा पिऊन जा."

काका चहा न पिता गेले. मग आत्या माझ्याकडे वळली. मी तयारीत होतो. माझ्या डोक्यात अन्यायावर एक पुरतं भाषण जुळलेलं होतं.

"कागद घालायच्या आदी मला इचारायचं हुतंस," ती म्हणाली. "मी न्हाई म्हनले असते. म्हनून इचारलं न्हाई ना?"



तिने कोनाड्यातून काकांची पोस्टकार्डं काढली. माल न हाताळण्याच्या नादात काकांनी आपल्या एकूण एक गिऱ्हाइकाचा पत्ता तिला स्वतःच्या हाताने लिहून दिला होता, आणि तिने एकही कार्ड चुलीत घातलं नव्हतं.

"बस. मी सांगते तसं ल्ही. तुजं काय घालू नको."

तिने सांगितलं ते असं: 'परड्या मीच भरत होते. पुढेही भरीन. हव्या असतील त्यांनी माझ्या नावाने कळवावे.' मी समतेविषयी निदान एक ओळ घालू द्यावी म्हणून विनवलं. तिने कार्ड माझ्या हातातून काढून घेतलं.

बहुतेकांनी उत्तर दिलं नाही. एकीने लिहिलं की परडी जरूर पाठवा, पण पाठवणाऱ्याचं नाव पूर्वीचंच असू द्या, घरात सासूबाई आहेत. अशी आणखी चार आली. मी म्हटलं, सुरुवात म्हणून काय हरकत आहे. माझी तत्त्वं तोवर बरीच लवचीक झाली होती. आत्याने ती पाचही बाजूला ठेवली.

"ह्यांस्नी न्हाई धाडायची."

"आत्या, घरात पीठ किती आहे ते मी पाहिलंय."

"मीबी बगितलंय."

मग श्रीगोंद्याहून एक पत्र आलं. साखर कारखान्याच्या कुणा संचालकाच्या घरातल्या थोरल्या बाईचं. 'परडीतल्या कागदाचे ऐकले होते, आता कार्डही पोचले. वाचून वाईट वाटले. परंतु आमच्या थोरल्या दोन्ही सुनांची बाळंतपणे तुमच्याच परडीवर सुखरूप झाली. आता तिसरीच्या वेळी हात बदलायला जीव धजत नाही. नाव कोणतेही घाला. कागद घालू नये.'

मी ते पत्र तीनदा वाचलं. माझ्या दोन परिच्छेदांनी जे झालं नाही ते हातगुणाच्या भीतीने झालं होतं. असल्या कारणाने मिळालेली ऑर्डर स्वीकारावी का, यावर मी बोलायला लागलो. आत्याने मला खारका निवडायला बसवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही परडी घेऊन पोस्टात गेलो. पोस्ट म्हणजे शाळेशेजारची एक खोली. पोस्टमास्तरांनी पार्सल तोललं आणि सवयीने फॉर्मवर काकांचं नाव लिहायला घेतलं.

"त्यो न्हाई, मास्तर. मी धाडतीय."

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं, मग परडीकडे. ओटीची परडी कापडाआडूनही ओळखू येते. त्यांनी आवाज खाली आणला.

"मग नावाआधी सौ. लिहितो. म्हणजे वाटेत कुणी अडवायला नको."

"मास्तर, त्यो गेला तवा तार तुमीच वाचून दावली हुती," आत्या म्हणाली. "गं. भा. ल्हिवा."

मास्तरांनी टाक दौतीत बुडवला, शाई निथळू दिली आणि लिहिलं.