हात मागं

गायकवाड सरांच्या खिशात पेनाशेजारी कायम छोटी कात्री असे. लातूरच्या त्यांच्या इंग्रजीच्या क्लासात चुकलेल्या वाक्यावर लाल रेघ कधी पडली नाही. सर ते वाक्य जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर लिहीत, कात्रीनं त्याचे तुकडे करत आणि एकेक चिठ्ठी एकेकाच्या हातात देऊन पोरांना फळ्यापुढं ओळीत उभं करत.

मी भोकरहून आलेली, मराठी शाळेतली. पहिल्याच आठवड्यात मला लिहायचं होतं, की मी मामाला स्टीलच्या ग्लासात चहा दिला. पण इंग्रजीत ‘ग्लासात’चे शब्द मी मामाला चिकटवले. “मामा गिलासात बसून चहा पिऊन राहिला का गं?” सरांनी विचारलं. वर्ग खदाखदा हसला. वाटलं, संध्याकाळच्या एसटीनं भोकर गाठावं आणि पुन्हा इंग्रजीचं नाव काढू नये.

‘ग्लासात’ची चिठ्ठी माझ्याच हातात होती. ‘चहा’वाली मुलगी मला आपल्याकडं ओढायला लागली, तसे सर कडाडले, “हात मागं! तिची चिठ्ठी हाय, तीच हालंल. तुमाला कशाची घाई?” सगळ्यांनी हात पाठीमागं बांधले. बराच वेळ गेला. मग मी मामाजवळून निघाले आणि चहाशेजारी जाऊन उभी राहिले. आता कुणी हसलं नाही. त्या संध्याकाळची एसटी मी पकडली नाही. आज नांदेडला मी इंग्रजीच शिकवते.

गेल्या वर्षी सरांना झटका आला. उजवा हात गेला, बोलणंही गेलं. भेटायला घरी गेले तर सरांच्या पत्नी, आमच्या काकू, रडवेल्या झाल्या होत्या. “काय पायजे ते कळंना बाई. आमी आपलं एकेक इचारतो, तर चिडतात. आता तर तोंडच फिरवून घेतात.”

मी कात्री मागितली. कॅलेंडरवर घरातले शब्द लिहून कापले: पाणी, चहा, ग्लासात, बाहेर, हिला, दे, नको. सरांचा डावा हात चिठ्ठ्यांवर फिरू लागला. काकू मदतीला वाकल्या. सरांनी डोळे वटारले.

“काकू, हात मागं,” मी म्हणाले.

आम्ही दोघी हात बांधून बसलो. फार वेळ लागला. पण चार चिठ्ठ्या ओळीत लागल्या: हिला ग्लासात चहा दे.

“अगंबाई, बोलले की हे!” काकू डोळे पुसत उठल्या. “पण गिलासात कशाला? कप हायत की घरात.”

सर माझ्याकडं बघून अर्ध्या ओठानं हसत होते. मला रडू आवरेना.