पोछ्याची फ्रेम कशाची?

जिथे काहीच साचू द्यायचं नसतं, तिथेच किस्से सगळ्यात जास्त साचतात, असा माझा अनुभव आहे. आमच्यातून गोंदिया वेगळा जिल्हा झाल्यावर काही वर्षांनी मोहाडीच्या रस्त्याला एक फॅक्टरी उभी राहिली. तिथे डोळ्यांत टाकायची औषधं भरत. भरायची खोली म्हणजे क्लीनरूम. तिथे धूळ नको, केस नको, आणि शिंक आली तर ती घरी जाऊन द्यायची. एवढं सगळं पुसून काढत होतो आम्ही, पण गोष्टी तेवढ्या राहून गेल्या.

माझं काम ऑटोक्लेव्हवर. ऑटोक्लेव्ह म्हणजे कपाटाएवढा कुकर. क्लीनरूममध्ये जाणारी वस्तू आधी त्यात वाफवायची, मगच आत. त्यामुळे आत काय चाललंय ते मला दिसायचं काचेतून, आणि आत काय जाणार ते जायचं माझ्या हातून.

एक काळ असा आला की, पोछ्याची फ्रेम कशाची असावी यावर फॅक्टरीत रोज बैठक. फ्रेम म्हणजे दांड्याच्या टोकाची चपटी पट्टी, जिच्यावर कापड चढवतात. माझ्या लग्नात नवरीवर एवढी चर्चा झाली नव्हती.

*

सुरुवात लाकडापासून झाली. पहिले आमच्याकडे साधा पोछा होता. लाकडी दांडा, लाकडी पट्टी. तपासणीला एक पाहुणे आले. त्यांनी तो पाहिला आणि म्हणाले, "इथे लाकूड? लाकूड पाणी पितं, त्यात जंतू राहतात, कुसळं निघतात. पुढच्या वेळी मला हे दिसता कामा नये."

आमचा सुपरवायझर दिलीप, आंधळगावचा. आज्ञाधारक पोरगा. पुढच्या तपासणीच्या आदल्या दिवशी त्याने दांड्याला आणि पट्टीला पांढरा ऑइलपेंट मारला. इतका सफाईने की मलाही क्षणभर वाटलं, नवीन आणला.

पाहुणे आले. "हा कशाचा?" म्हणत त्यांनी दांडा मुठीत धरला. मग सोडायला गेले, तर दांडा त्यांना सोडेना.

दिलीप अदबीने म्हणाला, "साहेब, लाकूड दिसून राह्यलं काय?"

*

मग पुण्याहून क्वालिटीचे पाठक साहेब आले. बुटके, हुशार, घाईचे. त्यांनी आल्या आल्या लाकूड बंद केलं आणि प्लास्टिकच्या फ्रेमा मागवल्या. पांढऱ्याशुभ्र, हलक्या. म्हणाले, "मामा, घाला कुकरमध्ये."

मी घातल्या. वाफ दिली. दार उघडलं, तर आतून निघाले विळे. एकेक फ्रेम अशी वाकली होती की, पोलिसांनी पाहिलं असतं तर हत्यार म्हणून जप्त केलं असतं.

पाठक साहेबांनी एक फ्रेम गुडघ्यावर दाबून सरळ करून पाहिली. मागे यशोदाबाई उभी होती. क्लीनरूमचं छत आणि भिंती पुसायचं काम तिच्याकडे. ती म्हणाली, "ठेवून द्या जी साहेब. दिवाळीच्या मांगंपुढं धान कापाले कामी येईन."

*

त्यानंतर अ‍ॅल्युमिनियम. सगळे खूष. हलकं, वाफेत वाकत नाही, चमकतं. यशोदाबाई तर म्हणाली, "हे हातात हाय का नाई तेच समजत नाई."

थोड्या दिवसांनी क्लीनरूमच्या फरशीवर पांढरी पूड दिसायला लागली. अगदी बारीक. पाठक साहेबांचा चेहरा उतरला. त्यांनी खोलीत काम करणाऱ्या सगळ्या बायांना बाहेर ओळीने उभं केलं.

"कोणीतरी पावडर लावून आत येतं आहे. नियम माहीत आहे ना? पावडर नाही, काजळ नाही, टिकली नाही. कोण आहे ते आत्ताच सांगा."

यशोदाबाईने तोंडावरचा मास्क खाली केला आणि एक पाऊल पुढे आली.

"साहेब, माह्या तोंडाकडे पाहून सांगा. पावडर लावली असती तं असं रायलं असतं काय?"

साहेबांनी खरंच पाहिलं. मग दुसरीकडे पाहिलं.

पुढे निघालं असं की, आम्ही फरशीला जे ब्लीचिंगचं पाणी वापरायचो, ते अ‍ॅल्युमिनियमला खात होतं. फ्रेमवर ठिपके पडले होते आणि तीच पूड झडत होती. साहेबांनी सगळ्यांना बोलावून ते समजावून सांगितलं. माणूस सरळ होता, चूक लपवायचा नाही.

सगळं ऐकून झाल्यावर यशोदाबाई म्हणाली, "म्हंजे मेकअप फ्रेमनं केला, आन लायनीत आमी."

*

आता उरलं स्टील. वाकत नाही, झिजत नाही, ब्लीचिंगला भीक घालत नाही. नमुन्याची एक फ्रेम आली, ती नेमकी दसऱ्याच्या तोंडावर. मी दसऱ्याला नागपूरला दीक्षाभूमीवर जातो. आमची निम्मी फॅक्टरी जाते. उरलेली निम्मी त्या दिवशी मशिनींची पूजा करते. आमच्यात यावरून कधी वाद झाला नाही. ते माझ्या ऑटोक्लेव्हला हार घालतात, दुसऱ्या दिवशी मी तो काढतो.

त्या वर्षी मी परत आलो, हार काढला, फ्रेम वाफवली आणि आत पाठवली. तासाभरात क्लीनरूमच्या भिंतीवर एक गुलाबी रेघ उमटली. यशोदाबाई जिथे पुसेल तिथे रेघ.

पाठक साहेबांना घाम फुटला. म्हणाले, जंतूंची एक जात लाल असते. खोली बंद केली. रेघ पुसून नमुना लॅबमध्ये पाठवला. आम्ही सगळे बाहेर उभे, जसं काही आत वाघ शिरला आहे. लॅबने कळवलं, यात जिवंत काहीच नाही.

साहेबांनी फ्रेम पुन्हा पुन्हा उलटसुलट केली. जिथे दांडा फिरतो त्या सांध्यात बोट घातलं. बोट लाल. वास घेतला.

"दिलीप, हे कुंकू आहे?"

"हो जी साहेब. हळद पन हाय, खालच्या अंगाले."

"अरे, पोछ्याला कुंकू? इतक्या वर्षांत कोणी पोछ्याला कुंकू लावलं होतं का?"

दिलीप म्हणाला, "नाई जी. पन आतापावतर स्टीलचा नोता. प्लास्टिकले कोन पूजते?"

*

गंमत इथपर्यंत होती. पाठक साहेबांनी ठरवलं की स्टीलच घ्यायचं. आणि स्टील जड होतं. फरशीवर ढकलायला काही नाही, पण छत पुसायचं तर लांब दांड्याच्या टोकावर ते वजन डोक्यावर धरून मागेपुढे न्यायचं. यशोदाबाईचा उजवा खांदा धरणाच्या पुनर्वसनाच्या वेळी घरचा पलंग ट्रॅक्टरवर चढवताना गेला होता. हात कानाच्या वर गेला की तिचा ओठ दाताखाली जायचा.

साहेब म्हणाले, "ज्यांना स्टील उचलवत नाही त्यांना आपण बाहेरच्या कामाला देऊ. गवत काढायचं, हलकं काम आहे."

त्यांना ती मदत वाटत होती. पण बाहेरची टोळी ठेकेदाराची. तिथे आज बोलावतात, उद्या फाटकावरून परत पाठवतात. यशोदाबाईचा नवरा दम्याने खाटेवर. आतली नोकरी गेली तर ते घर कशावर चालणार, हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून कोणी त्यावर बोलत नव्हतं.

फक्त दिलीप एकदा चुकून बोलला. यशोदाबाई मूळची गोसीखुर्दच्या धरणात गेलेल्या गावची. दिलीप तिला हसवायला म्हणाला, "काकू, कायले फिकर करतं? जुन्या घरी कोन पोछा मारून राह्यलं आता?"

ती म्हणाली, "मासोळ्या. त्याइले कोनी स्टीलचा देल्ला नाई."

*

तिने मग घरी सराव सुरू केला. बांबूच्या टोकाला नांगराचा फाळ बांधला, त्यावर फडकं गुंडाळलं आणि रोज कामावरून गेल्यावर घराचं छप्पर आतून पुसू लागली. घर कवेलूचं, म्हणजे कौलाचं. पहिल्या दिवशी जळमटं पडली. दुसऱ्या दिवशी पाल पडली. मग कवेलू पडायला लागली.

शेजारच्यांना वाटलं, आत साप निघाला. ते काठ्या घेऊन आले. दारातून पाहतात तर ही एकटीच वर बघून घाम गाळते आहे, आणि नवरा खाटेवर छत्री उघडून बसला आहे.

तो म्हणाला, "फॅक्टरीत तू राह्यशीन का नाई ते मले मालूम नाई. पन घर काई राहत नाई."

हे तिनेच आम्हाला सांगितलं. आम्ही पोट धरून हसलो. तीही हसली, आणि डबा डाव्या हाताने उघडला.

*

मध्येच नागपूरचा एक विक्रेता नवीन प्लास्टिकची फ्रेम घेऊन आला. हे प्लास्टिक वेगळं, वाफेला दाद देत नाही म्हणे. पाठक साहेबांना विळे आठवत होते. म्हणाले, "मागचाही असंच बोलला होता."

तरी मी ती फ्रेम वाफवली. पुन्हा वाफवली. ही टिकावी असं मनात होतं म्हणून आणखी वाफवली. जशी गेली तशी सरळ बाहेर आली. ब्लीचिंगच्या पाण्यात ठेवली, तिला काही झालं नाही. साहेबांनी मान हलवली, "बघू," म्हणाले, आणि ती टेबलावर स्टीलच्या शेजारी ठेवून दिली.

यशोदाबाईने ती एकदा उचलून पाहिली. दुसऱ्याचं लेकरू घेतल्यासारखी घेतली, आणि कोणी बघायच्या आत खाली ठेवली.

*

शेवटी ट्रायल ठरली. आतल्या प्रत्येकाने स्टीलच्या फ्रेमने छताचा एक भाग पुसायचा. जमलं तर आत, नाही जमलं तर बाहेर. पाठक साहेब स्वतः कपडे चढवून आत गेले. आतले कपडे म्हणजे पायापासून डोक्यापर्यंत पांढरा झगा, तोंडाला मास्क, डोळ्यांना चष्मा. बाईमाणूस, साहेब, कामगार, काही ओळखू येत नाही. मी आणि दिलीप बाहेर काचेपाशी. काचेतून दिसतं, आवाज जात नाही.

यशोदाबाईची पाळी आली. तिने दांडा उचलला. फ्रेम छताला टेकली. एक पट्टा पुसला. दुसऱ्या पट्ट्याला दांडा हलला, आणि तिने तो हळूच खाली घेतला. टाकला नाही.

पाठक साहेबांनी हात नाचवून तिला काहीतरी सांगितलं. मग दांडा तिच्या हातातून घेतला. असा धरायचा, असा न्यायचा, हे ते तिला दाखवू लागले. ती बाजूला भिंतीपाशी जाऊन उभी राहिली.

नेमके तेव्हाच मोठे साहेब काचेपाशी आले. सगळ्या फॅक्टरीचे साहेब. नागपूरचे. मागचं त्यांनी काहीच पाहिलं नव्हतं.

आत पाठक साहेबांनी एक पट्टा पुसून दाखवला आणि दांडा खाली घेऊ लागले, तोच मोठ्या साहेबांनी काचेवर टकटक केली आणि हाताने इशारा केला, चालू द्या, चालू द्या.

पाठक साहेबांनी काचेकडे पाहिलं. मोठे साहेब बघत आहेत म्हटल्यावर दांडा पुन्हा वर केला. दुसरा पट्टा. तिसऱ्याला थांबले. मोठ्या साहेबांनी परत टकटक केली. चौथ्याला फ्रेम छतावरून सरकली आणि दिव्याच्या काचेला लागता लागता राहिली. चष्म्यावर वाफ धरली.

"ही कोण बाई आहे?" मोठे साहेब म्हणाले. "चार हात मारले की थांबते. हिच्या भरवशावर आपण डोळ्यांचं औषध भरून राहिलो का?"

मी बोलायला तोंड उघडलं. माझं बोलणं सावकाश. "साहेब," मी म्हटलं, "ती जी बाई तुम्हाला दिसते..."

"दिसते ना, म्हणूनच सांगतो. हिला आजच बाहेर काढा. गवत काढायला लावा."

दिलीप भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते. आणि मोठ्या साहेबांनी काचेवर परत टकटक केली. आत पाचवा पट्टा सुरू झाला.

सगळं छत झालं. कपडे बदलायच्या खोलीचं दार उघडलं आणि आधी बाहेर आला तो पांढरा झगा. भिंतीला धरून. त्याने डाव्या हाताने डोक्यावरची टोपी ओढली, मास्क काढला. केस कपाळाला चिकटलेले, तोंड लाल. मागून यशोदाबाई आली.

मोठे साहेब पाठक साहेबांकडे बघत राहिले. मग माझ्याकडे बघितलं. मग पुन्हा पाठक साहेबांकडे. शेवटी म्हणाले, "तर पाठक, कोणती फ्रेम घ्यायची म्हणता?"

टेबलावर दोन्ही फ्रेमा होत्या. पाठक साहेबांनी बोट दाखवायला उजवा हात उचलला, तो कमरेपर्यंत आला आणि तिथेच राहिला. त्यांनी तो खाली सोडला. डाव्या हाताने नागपूरवाल्याची प्लास्टिकची फ्रेम उचलली आणि मोठ्या साहेबांच्या हातात दिली.

यशोदाबाईने त्यांच्या झग्याची मागची चेन सोडवायला हात लावला. म्हणाली, "पयल्या दिवशी दुखतेच जी साहेब. उद्या या. हात बसून जाते."