चाबी हातात आल्यावर नंबर

पौषातली धुई इतकी दाट पडली होती, की फाटकाच्या एका खांबावरून दुसरा दिसत नव्हता. देवरावनं बत्त्या विझवून काचा पुसल्या, रुळांच्या खोबणीत बसलेली बैलगाड्यांची माती सळीनं उकरली आणि तेवढ्यात सगळे नियम पाचदा म्हणून घेतले. पहिला नियम अलीकडच्या खांबाशी, दुसरा खोबणीशी, तिसरा कुलपाशी. बसून त्याला एक अक्षर येत नसे. चालताना मात्र ज्या वस्तूला हात लावावा तिचा नियम आपसूक तोंडात येई.

नागपूरची वस्ती संपून विटाभट्ट्या लागतात, तिथलं हे फाटक. साल सत्त्याहत्तर. फाटकवाल्यांना दर तीन वर्षांनी परीक्षा देऊन दाखला नवा करावा लागे. दिवाळीआधी देवराव नापास झाला होता. खुर्चीवर बसवलं, डोक्यावरचा पंखा कुरकुरत होता, आणि साहेबांचे प्रश्न संपेपर्यंत हा त्या पंख्याच्या फेऱ्या मोजत राहिला. आज दुसरी आणि शेवटची खेप. आजही नापास झाला की रुळांवर गिट्टी फोडणाऱ्या टोळीत, गोंदियाकडच्या जंगलात. क्वार्टर जाणार. पोरगी उत्तरा सातवीत होती, तिची शाळाही जाणार.

लहानपणापासूनचं हे दुखणं. मास्तर फळ्यावर लिहीत आणि हा खिडकीबाहेर कडूलिंबावर चढणाऱ्या मुंगळ्यांच्या मागं जाई. बापानं कान पिळले, मास्तरांनी छड्या मोडल्या, चौथीत शाळा सुटली. ‘चित्त थाऱ्यावर नाही’ एवढंच सगळे म्हणत. त्याहून वेगळं नाव त्याला कोणाजवळ नव्हतं.

“अजी, ठेवा ते पुस्तक,” वच्छला चुलीपासून म्हणाली. “डोळे पुस्तकात अन् ध्यान कोंबडीत. टेशनापर्यंत चालत जा, रस्त्यानं म्हणत.”

“अन् तिथं खुर्चीवर बसवलं त?”

“मूळव्याध हाय म्हणा.”

तो हसला. ती हसली नाही. वच्छला सातवी शिकलेली. छप्पनच्या दीक्षेनंतर तिच्या बापानं पोरींना शाळेत घालायचं ठरवलं, त्यातली ती. चार महिने तिनंच नियमांचं पुस्तक वाचून दाखवलं होतं, हा अंगणात येरझारा घालत असताना.

दोघांमध्ये आणखी एक गोष्ट होती, ती बाहेर कोणाला ठाऊक नव्हती.

गाडी सुटायच्या आधी स्टेशनातून फोन येई. फाटकवाल्यानं फाटक बंद करून कुलूप घालायचं, आणि मग आपल्या छापील कागदावरचा पुढचा नंबर फोनवर सांगून त्यावर काट मारायची. तो नंबर म्हणजे फाटक बंद असल्याची खूण. म्हणून कागद फाटकवाल्याखेरीज कोणी पाहायचा नाही, हा पक्का नियम. दोन उन्हाळ्यांपूर्वी देवरावनं फोनवर आधी नंबर सांगून टाकला. मग कुलूप घालायला निघाला, तर वांग्याच्या वाफ्यात बकरी शिरलेली. तो बकरीमागं धावला. गाडी उघड्या फाटकातून गेली. एक दूधवाला झुडपात फेकला गेला, वाचला. त्याच्या सायकलचं चाक मुरगळून पडलं. आपणच न पाहता घुसलो, असं तो बिचारा शेवटपर्यंत मानत राहिला.

त्या दिवसापासून कागद वच्छलानं आपल्याकडं घेतला. फोन आला की देवरावनं कुलूप घालून चाबी आणून तिच्या हातात द्यायची. चाबी हातात पडल्याशिवाय ती नंबर वाचत नसे. दोन वर्षांत एकदाही चूक नाही.

बदलीवाला आपला कागद घेऊन आला तसा देवराव निघाला. संपलेला जुना कागद जमा करायचा होता आणि साहेबांनी चालू कागदही मागवला होता, म्हणून दोन्ही खिशात घेतले.

परीक्षा घेणारे निरीक्षक ओमप्रकाशजी टेबलापाशी बसले होते. शेजारी भैयाजी, फोनवर नंबर लिहून घेणारे असिस्टंट स्टेशनमास्तर.

“बैठो.”

“साहेब, मूळव्याध हाय.”

भैयाजी फसकन हसले. साहेबांनाही हसू आलं. “ठीक है, खडे रहो.”

देवराव टेबल ते कपाट, कपाट ते टेबल असा तीन-तीन पावलं चालू लागला. कपाट म्हणजे अलीकडचा खांब, टेबल म्हणजे कुलूप. लाल झंडी कधी, बत्ती किती हातांवर, जनावर रुळांत अडकलं तर काय, एकेक उत्तर अडखळल्याशिवाय आलं.

“पिछली बार तो मुँह में दही जमा था,” साहेब म्हणाले. “नंबर का कागद?”

“माह्याजवळ राहते साहेब. कोणाले दाखवत नाही.”

“बहुत अच्छा. अगला नंबर काटके दिखाओ.”

देवरावनं चालू कागद पसरून पेन्सिल टेकवली. रेघ नांगरासारखी घसरली आणि दोन नंबरांवरून गेली. साहेबांनी जुना कागद शेजारी ठेवला. तिथं वरपासून खालपर्यंत बारीक, सरळ रेघा होत्या, गोधडीच्या टाक्यांसारख्या.

“ये किसका हाथ है?”

खिडकीबाहेर मालडब्यांची जोडणी चालली होती, धडाधड आवाज येत होता. देवरावला तो ऐकूच आला नाही. जन्मात पहिल्यांदा त्याचं चित्त एका जागी खिळून राहिलं, त्या रेघांवर.

“माह्या मंडळीचा, साहेब.”

“क्यों? तुम्हें अंक नहीं आते?” साहेबांनी विचारलं.

“येतात.” बकरी, सायकल, झुडूप, सगळं घशाशी आलं. ते सांगितलं तर टोळीही नाही, सरळ बडतर्फी. त्यानं गिळलं. “चाबी हातात घेतल्याबिगर ते नंबर सांगत नाही साहेब. म्हणून तिच्यापाशी.”

“यानी नोकरी तुम्हारी और भरोसा औरत का. वो मायके गयी तो?”

“जात नाही साहेब. माय मेली तवा बी सकाळी गेली अन् दुपारच्या गाडीआधी वापस आली.”

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. “अभी तो तुमने कहा, किसी को नहीं दिखाते.” त्यांनी नावापुढं ‘नापास’ लिहिलं. नवा माणूस उद्या सकाळी येईल, तोवर फाटक तूच सांभाळ, आणि औरत फोनजवळ दिसू नये, एवढं सांगून चालू कागद परत दिला आणि दुसऱ्याला हाक मारली.

भैयाजी दारापर्यंत आले. “हात दुखत होता म्हणाचं ना गा. येवढं बी सुचलं नाही?”

“नाही सुचलं.”

देवराव परतला तेव्हा ऊन पडलं होतं. बदलीवाला चार्ज देऊन गेला. वच्छला दारात आली, त्याच्या तोंडाकडं पाहिलं, आणि ती विचारणार तोच फोन वाजला. भैयाजींचा आवाज होता. दुपारची पॅसेंजर सुटायची होती.

देवरावनं दोन्ही फाटकं ओढली, कुलूप घातलं, खेचून पाहिलं. चाबी घेऊन दारापाशी आला आणि थांबला. मग खिशातला कागद काढून चाबीसकट तिच्या हातात ठेवला.

“हे काय जी, कोणी काटलं?” दोन नंबरांवरून गेलेली रेघ पाहून ती म्हणाली.

“मी. तू फुडचा वाच.”

तिनं चाबी मुठीत धरली. “एकोणसत्तर.”

“एकोणसत्तर,” त्यानं फोनवर सांगितलं. पलीकडून भैयाजी म्हणाले, “लिहिलं.”

वच्छलानं बारीक रेघ मारली. “पास?”

“उद्या सकाळी दुसरा माणूस येते,” देवराव म्हणाला.

तिनं चाबी तशीच मुठीत ठेवली. गाडी गेली. मग तिच्या हातातून चाबी घेऊन त्यानं फाटकं उघडली, खोळंबलेल्या विटांच्या गाड्या सोडल्या, आणि संध्याकाळसाठी बत्त्यांत घासलेट भरायला बसला.