कात्रीडॉक्टरांनी औषध घेतलं

बाजाराच्या वळणावर ज्यांचं सलून होतं, त्यांना सगळे कात्रीडॉक्टर म्हणत. दाढीला बसलेल्या माणसाला हलता येत नाही, आणि तोंडाला फेस असल्यामुळे नाहीही म्हणता येत नाही. याचा पुरेपूर फायदा घेऊन ते गिऱ्हाइकांवर उपचार करत. पाठदुखी, घोरणं, बायकोचं घोरणं, कशावरही त्यांच्याकडे तोडगा असे. आरशाखालच्या खणात उरल्यासुरल्या औषधांचा साठा होता. कुणाच्या गुडघ्याच्या गोळ्या, कुणाच्या सर्दीच्या, काही नुसत्याच गुलाबी. गुलाबी गोळ्यांवर त्यांचा विशेष भरवसा.

मुलगी आणि जावई सलूनच्या वरच्याच मजल्यावर राहत. मुलीला दिवस गेले आणि एकदा तिचं डोकं दुखायला लागलं, तेव्हा कात्रीडॉक्टर गुलाबी गोळी घेऊन जिना चढले. मुलगी म्हणाली, की आता ती जे घेईल ते बाळापर्यंत पोचेल, म्हणून डॉक्टरीणबाईंना विचारल्याशिवाय ती काही घेणार नाही.

"मग मी कोण?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही आजोबा."

त्या दिवशी त्यांनी सगळ्या दाढ्या मुक्यानेच केल्या. गिऱ्हाइकांना वाटलं, घरात कुणीतरी गेलं असावं. दोघे तर सांत्वन करून गेले.

यथावकाश नात झाली. चार महिन्यांची असताना तिचं नाक चोंदलं आणि श्वास घेताना शिट्टी वाजू लागली. कात्रीडॉक्टर सकाळी उपाशीपोटीच वर पोचले. एका हातात स्वतःच्या खोकल्याची जुनी बाटली, जिच्यावरचं लेबल केव्हाच निघून गेलं होतं, आणि दुसऱ्या हातात वाढायचा चमचा.

"मोठ्याला पूर्ण, लहानाला अर्धा. साधा हिशोब आहे," ते म्हणाले.

"बाळ म्हणजे अर्धा माणूस नाही, बाबा. तुमच्या नुसत्या पोटात अशी पाच बाळं मावतील."

पोटाचा विषय निघाल्यावर त्यांचा पारा चढला. औषध किती निरुपद्रवी आहे ते दाखवण्यासाठी त्यांनी तिथल्या तिथे दोन चमचे भरून घशाखाली ओतले, मिशा पुसल्या आणि ताठ मानेने खाली उतरले.

खाली खुर्चीत बस कंडक्टर ड्यूटीआधी दाढी करायला बसला होता. डावा गाल गुळगुळीत झाला, आणि बोलण्याच्या नादात डावी मिशीही गेली. मग कात्रीडॉक्टरांना वाटलं, भिंत जरा जवळ येतेय. त्यांनी वस्तरा खाली ठेवला, "टेकतो जरा" म्हणून बाजूच्या खुर्चीत बसले आणि घोरू लागले. कंडक्टरने त्यांना गदागदा हलवलं, पाणी शिंपडलं, कानाशी शिट्टीही फुंकली. शेवटी बसची वेळ झाली म्हणून तो गळ्यातल्या टॉवेलसकट धावत सुटला. बसमध्ये एका म्हातारीने दुसऱ्यांदा तिकीट काढायला साफ नकार दिला. मघाशी दाढीवाल्याकडून काढलंय, म्हणाली; आता तिच्याकडे त्याचा गुळगुळीत गाल होता.

दुपारी कात्रीडॉक्टरांनी डोळे उघडले. जीभ लाकडासारखी झाली होती. समोर बाळाला घेऊन मुलगी बसली होती आणि दारात अर्धा बाजार उभा होता. त्यांनी नातीच्या इवल्याशा गळ्याकडे पाहिलं. आपल्यासारखा आडदांड माणूस जिथे आडवा झाला, तिथे या जिवाचं काय झालं असतं?

ते स्वतःहून मुलीबरोबर दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंनी बाटली हुंगली आणि बाजूला ठेवली. एवढ्या लहान बाळाला सर्दीखोकल्याची अशी औषधं द्यायचीच नसतात, त्या म्हणाल्या, गुंगीने त्याचा श्वासही अडखळू शकतो. सध्या नाकात मिठाच्या पाण्याचे तयार थेंब घाला, अंगावर पाजत राहा. ताप आला, दूध पिणं बंद केलं किंवा धाप लागली, तर लगेच घेऊन या. आणि कधी औषध लिहून दिलंच, तर मात्रा वजनावरून ठरते, आणि ती बाटलीबरोबर येणाऱ्या ड्रॉपरनेच मोजायची, घरातल्या चमच्याने नाही.

"मग आजोबांनी काय करायचं?" कात्रीडॉक्टरांनी बारीक आवाजात विचारलं.

"बाळाला उचलून धरायचं. त्याचा कुणाला त्रास होत नाही."

परत येताना त्यांनी नातीला खांद्यावर घेतलं. खणातली सगळी औषधं पिशवीत भरून त्यांनी औषधाच्या दुकानात नष्ट करायला दिली. रिकाम्या खणात कंगवे ठेवले.

संध्याकाळी कंडक्टर उरलेला चेहरा घेऊन आला. बायकोला पाचवा महिना लागलाय, तो फेसातून म्हणाला, छातीत फार जळजळतं तिच्या, एखादी गुलाबी गोळी द्या ना.

कात्रीडॉक्टरांनी कात्री उचलली आणि शांतपणे म्हणाले, "मला त्यातलं कळत नाही. डॉक्टरांना विचारा."

हे ऐकून कंडक्टर इतका दचकला, की त्याची मान वळली आणि उजवी मिशीही गेली.