निरुपमदांच्या कथेतला घोंटू

पोस्टातून निवृत्त झाल्यापासून निरुपमदांना चार नाद लागले: कॅरम, सिनेमा, वांग्याची गरम बेगुनी आणि भुताच्या कथा लिहिणं. प्रत्येक कथेत खाताखाता कुणीतरी मरतं, आणि त्याला नाव आमच्या चंदननगरच्या क्लबातल्याच कुणाचं तरी. मला हा चावटपणा कधीच आवडला नाही.

आज त्यांनी नवी कथा वाचून दाखवली. मरणारा होता घोंटू. माझ्या तोंडातली बेगुनी गिळवेना की थुंकवेना. ते माझं घरातलं नाव. फक्त आई घ्यायची, आणि तिला जाऊन अकरा वर्षं झाली.

"दादा, हे नाव कुठून काढलंत?"

"काल सिनेमाला शेजारी एक म्हातारी होती," सोंगटीवर नेम धरत ते म्हणाले. "सारखी म्हणत होती, घोंटूला पाठवा, ताट वाढलंय. का रे, ओळखीची?"